अंधारराव

"मास्तर, जरा वर येता का? एक माणूस हाय. त्यो तुमास्नी दिसत न्हाई न्हवं, तेवढं बघून सांगा."

रविवारी दुपारी मटण-भाकरी खाऊन मी नुकता आडवा झालो की हमखास दाराशी हा आवाज यायचा. आवाज आनंदराव खोतांचा. मंगळवार पेठेतल्या त्या दुमजली घरात आम्ही खाली राहत होतो आणि ते वर, एकटे. पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा मी धावत जिना चढलो होतो. माणूस आहे आणि दिसत नाही, म्हणजे काहीतरी भानगड असणार. वर गेलो तर भर दुपारी मिट्ट काळोख. खिडक्यांना काळे कागद डकवलेले. मधोमध टेबलावर कॉम्प्युटरचा जुना, फुगीर डबा, त्याला पुठ्ठ्याची छपरी केलेली, आणि छपरीच्या आत आणखी काळोख.

"बगा," ते म्हणाले.

मी बघितलं. पडद्यावर एक बोळ होता म्हणे. मला तोही दिसला नाही.

"त्या टोकाला कोन हाय?"

"कोणी नाही."

"नक्की न्हाई?"

"नाही हो. म्हणजे... कोणीतरी असावं असं वाटतंय खरं."

आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "जमलं! दिसाय नगो, पर हाय आसं वाटाय पायजे. बसा, चा टाकतो."

भारनियमनाची वर्षं होती ती. वीज दिवसातून कितीदा जायची आणि कधी यायची, ह्यावरच लोकांचं आयुष्य बेतलेलं असायचं. आणि आनंदराव नोकरीला होते विजेच्याच कचेरीत, तक्रारीच्या खिडकीवर. माणसं घामेजून यायची, खिडकीच्या फळीवर हात आपटायची, "लाइट कधी येणार?" म्हणून ओरडायची. आनंदराव चष्मा पुसत म्हणायचे, "येतीया की. तवर डोळं निवू द्या." एकदा एका पिठाच्या गिरणीवाल्यानं त्यांची कॉलर धरली होती, ती ह्याच वाक्यावरून.

असा हा माणूस संध्याकाळी घरी आला की आपल्या घरातली चालू वीज आपल्या हातानं घालवायचा. तेव्हा पेठेनं आनंदरावांचं अंधारराव केलं, ह्यात पेठेची काही चूक नव्हती. त्यांनाही राग नव्हता. तालमीच्या कट्ट्यावरून कुणी "ओ अंधारराव!" अशी हाळी दिली तर ते सायकल न थांबवता विचारायचे, "काय रं उजेडा?"

त्यांचा नाद असा: दहा-बारा वर्षांपूर्वी निघालेले कॉम्प्युटरवरचे जुने खेळ. त्यातही भयाचे. पडका कारखाना, समुद्रात बंद पडलेली बोट, पाणी भरलेली खाण. ह्या खेळांत मारामारी थोडी आणि चालणं जास्त. हातात कंदील घेऊन एकट्यानं हळूहळू पुढं जायचं, कुठंतरी काहीतरी कुरकुरतं, आपण थांबायचं. आनंदराव हे खेळत, खेळताना पडद्यावर जे घडेल ते रेकॉर्ड करत आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर चढवत. खेळण्यात त्यांना फारशी गती नव्हती. खाणीतल्या पाण्यात तर ते सारखे बुडून मरायचे. "मरू द्या की," म्हणायचे, "पानी काळं कसं दिसतंय ते बगा." सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: उजेड किती ठेवायचा.

ते वाटतं तेवढं सोपं नव्हतं. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर तीन मुखवटे यायचे आणि सूचना यायची, की पहिला नीट दिसला पाहिजे, दुसरा जेमतेम दिसला पाहिजे आणि तिसरा दिसता कामा नये, तोवर उजेड कमी-जास्त करा. तुम्ही-आम्ही हे चहाचा घोट घेता घेता उरकलं असतं. आनंदराव दुसऱ्या मुखवट्याशी अख्खा रविवार बसायचे. "जेमतेम" ह्या शब्दावर त्यांचा फार जीव.

शिवाय ह्या जुन्या खेळांची एक खोड होती. खेळात उजेड वाढवला तर तो समोरच्या पडद्यावर वाढायचा, पण रेकॉर्डिंगमध्ये उतरायचाच नाही. डोळ्यांना दिसायचं एक आणि व्हिडिओत यायचं दुसरंच. म्हणून मग व्हिडिओ तयार झाल्यावर त्यात वेगळा उजेड घालायचा. तो कमी पडला तर इंटरनेटवर चढताना काळोखाचे चौकोन चौकोन पडत. आनंदराव त्याला गोधडी म्हणत. "सोन्यासारख्या अंधाराची गोधडी केली बगा!" आणि जास्त झाला तर काळ्याचा करडा होई. त्याला ते राखुंडी म्हणत. गोधडी आणि राखुंडी ह्यांच्या मधे एक केसभर वाट होती, आणि त्या वाटेवरून आनंदराव दर रविवारी मला घेऊन चालत.

एकदा आमची सुमन त्यांना थालीपीठ द्यायला म्हणून वर गेली आणि बराच वेळ खाली येईना. आली ती चिडून. "काय बाई तो खेळ! काडीचं काही दिसत नाही."

"मग एवढा वेळ काय करत होतीस?"

"काही दिसतंय का ते बघत होते." मग म्हणाली, "अहो, स्वयंपाकघरातला दिवा लावता का? मला एकटीला जायला कसंतरीच वाटतंय."

हे मी आनंदरावांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढच्या रविवारी सुमनसाठी पावशेर पेढे आणले.

"उजेड पाडाय अक्कल लागत न्हाई, मास्तर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अंधार ठेवाय लागती." हे ते कुठंही म्हणत. गणपतीत तालमीच्या पोरांनी मूर्तीवर चार हॅलोजन सोडले, तर हे मंडपात जाऊन त्यातले तीन बंद करून आले. मूर्ती खरंच चांगली दिसायला लागली, पण वर्गणी देणाऱ्यांच्या नावांचा फलकही अंधारात गेला. पोरांनी दुसऱ्या दिवशी सहा लावले.

त्यांचे व्हिडिओ बघणारे लोक फार नव्हते. जे होते ते कुठल्या कुठल्या देशांतले, रात्री जागणारे. त्यांना आनंदराव कोण, कुठले, काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या इंग्रजी शेऱ्यांना आनंदराव "थँक्यू" एवढंच लिहीत. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मात्र काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत मराठीत एक पाटी असे: "खोलीतली बत्ती बंद करून बघा."

आणि एक दिवस त्या पाटीला मराठीत उत्तर आलं.

"काय दिसत न्हाई. उजेड वाढवा." खाली नाव होतं, बसू, मुरगूड.

आनंदरावांना आधी आनंदच झाला. इतक्या देशांमधून शेवटी मुरगूडचा माणूस निघाला होता, तासाभराच्या वाटेवरचा. त्यांनी प्रेमानं उत्तर दिलं, "बत्ती बंद करून बघा."

"बत्ती बंद हुईत न्हाई."

"बटण दाबा की."

"दाबता येत न्हाई. तुमी उजेड वाढवा."

हे भांडण पावसाळाभर चाललं. आनंदराव नवा व्हिडिओ टाकायचे आणि पहिला शेरा मुरगूडचा यायचा, काय दिसत न्हाई. बोटीतला जिना दिसत न्हाई. खाणीतलं पानी दिसत न्हाई. आनंदराव खाली येऊन मला वाचून दाखवायचे. "ह्याला पायजे असंल तर लग्नाच्या वरातीतल्या बत्त्या नेऊन लावा म्हनावं! दिसत न्हाई म्हणं. दिसायचंच न्हाई त्ये!" पण त्या माणसानं बघणं काही सोडलं नाही, आणि आनंदरावांनीही दुसऱ्या कुणाच्या शेऱ्याची एवढी वाट कधी बघितली नाही.

मग एका रविवारी ते सकाळीच आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर.

"मास्तर, स्कूटर काढा. मुरगूडला जायचं."

"भांडायला?"

"छ्या! रात्रभर इचार केला. बटण दाबता येत न्हाई म्हंजे काय? वायरिंग फॉल्टी असणार. हात लावला की शॉक बसत असंल बिचाऱ्याला. आनी आपण हिकडं बसून त्येला बटण दाब, बटण दाब म्हनतोय. उद्या काय झालं म्हंजे?"

तक्रारीच्या खिडकीवर त्यांनी इतकी वर्षं काढली, पण तक्रारीच्या पाठोपाठ घरी जाताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

बसू कोण, असं गावात शिरताच विचारलं आणि त्याचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. बाजारात खिळे-मोळे, कुलपं, रंगाचे डबे असं सगळं विकणारं जुनं दुकान. बसवराज हा चाळिशीचा, बुटका, कपाळाला भस्म लावलेला गृहस्थ. आनंदरावांनी "मी कोल्लापूरचा, खेळवाला," अशी ओळख सांगितली तेव्हा त्याच्या हातातला तराजू हललाच. "तुमी? खरंच तुमी? आत बसा, पावणं, आत बसा. एवढं गिऱ्हाईक करून आलोच."

दुकानामागे एकच मोठी खोली होती. खिडकी नाही. छताला ट्यूब, एका कोपऱ्यात कॉम्प्युटर, दुसऱ्या कोपऱ्यात दाराकडं तोंड करून पलंग, आणि पलंगावर एक म्हातारी बसलेली. आनंदरावांनी तिला नमस्कार केला, पण त्यांची नजर बटणावर होती. त्यांनी टेस्टर लावून बघितला. शॉक नव्हता. मग त्यांनी बटण दाबलं.

खोली काळीठिक्कर झाली आणि त्या काळोखातून म्हातारी ओरडायला लागली. "दिवा! दिवा लावा! तम्मा येतोय, तम्मा!"  दुकानात खिळे सांडल्याचा आवाज झाला, बसवराज धावत आला आणि त्यानं बटण दाबलं. पलंगाशी बसून तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "अव्वा, लावली बग. लावली की."

ती शांत झाल्यावर त्यानं सांगितलं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलत. अव्वा म्हणजे आई, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

"अव्वाला आता कायबी आठवत न्हाई. माझं नाव कवा आठवतंय, कवा न्हाई. पर पंचमीला भाऊ न्यायला येनार, एवढंच ध्येनात ऱ्हायलंय. दिवा घालवला तर अंधारात त्येला घर कसं घावंल म्हणती. म्हणून दिवसरात बत्ती चालू. लाइट गेली तर कंदील. मामाला जाऊन लई वर्सं झाली. म्हायारात आता कोन न्हाई."

"मग तुमी खेळ..." आनंदरावांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडं बघितलं.

"मला तिला सोडून कुटं जाता येत न्हाई, साहेब. दुकान आनी ही खोली. तुमी कंदील घिऊन फिरताय न्हवं, त्येच्या मागं मागं मीबी फिरतो. तेवढंच भायेर जाऊन आल्यागत वाटतंय. फकस्त काय दिसत न्हाई."

आनंदराव हातात टेस्टर घेऊन उभे होते. "बटण चांगलं हाय," ते म्हणाले.

म्हातारी इतका वेळ त्यांच्याकडं टक लावून बघत होती. ट्यूबच्या उजेडात तिनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली. "बंद्या, तम्मा?"

म्हणजे आलास का रे. बसवराज गडबडीनं म्हणाला, "अव्वा, हे पावणं हाईत, कोल्लापूर..."

"आलो की, अक्का," आनंदराव म्हणाले.

आणि टेस्टर खिशात ठेवून ते पलंगावर तिच्या शेजारी बसले. तिनं त्यांचा हात हातात घेतला, जेवलास का विचारलं, वाळलास म्हणाली. आनंदराव बऱ्यापैकी ढेरीवाले होते. ते म्हणाले, "व्हय अक्का, वाळलो खरा." आम्ही निघालो तेव्हा पंचमी कधी, असं तिनं विचारलं. पंचमी महिन्यापूर्वीच होऊन गेली होती. "हाय आजून," आनंदरावांनी सांगितलं.

आम्ही परत निघालो. कागलच्या पुढं मी सहज विचारलं, "आनंदराव, तुम्हाला बहिणी किती?"

"एकबी न्हाई. सख्खी न्हाई, चुलत न्हाई. आईला मी एकला."

पुढच्या रविवारी सुमननं मला गॅलरीत बोलावलं. "वर पाहुणे आलेत का कुणी? ट्यूब लावलीय."

मी वर गेलो. खिडक्यांचे कागद काढलेले, ट्यूब चालू, आणि आनंदराव घामाघूम. ट्यूबखाली बघूनही तो खाणीचा बोळ दिसला पाहिजे, पण टोकाचा माणूस दिसता कामा नये, आणि असावा असं मात्र वाटलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. नुसता उजेड वाढवला की सगळी राखुंडी होत होती. मग त्यांनी खेळायची रीतच बदलली. खेळात जिथं भिंतीवर पलिते होते, उघडी छतं होती, तिथून वाट काढायची. कंदील खाली ठेवून एका बाजूला उभं राहायचं. पलित्याजवळचं सगळं लख्ख ठेवायचं आणि पलीकडचं गडद. त्यापायी ते कितीतरी वेळा पाण्यात बुडाले, आणि दरवेळी पुन्हा पहिल्यापासून निघाले. दिवाळी गेली तरी हे चालू होतं.

अखेर एकदाची दाराशी हाक आली. "मास्तर, या. बत्ती चालू हाय."

मी बघितलं. बोळ दिसला. भिंतीवरून झिरपणारं पाणी दिसलं. टोकाला कोणी दिसलं नाही, आणि मला उगाच मागं वळून बघावंसं वाटलं. मी तसं सांगितलं, पण ह्या वेळी त्यांनी मांडीवर थाप मारली नाही. "बसूला दिसंल न्हवं?" एवढंच विचारलं.

त्या व्हिडिओची पाटी होती, "बत्ती चालू ठेवून बघा." परदेशातल्या लोकांनी खाली शिव्या घातल्या, की सगळी मजा घालवलीत, एवढा उजेड कशाला. आनंदरावांनी कुणाला थँक्यू लिहिलं नाही. मुरगूडहून शेरा आला, "दिसलं. लई भ्या वाटलं." तो मात्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवला.

त्यानंतर ते महिन्या-दोन महिन्यांनी मुरगूडला जायला लागले, कधी एसटीनं, कधी माझ्या स्कूटरवरून. थोडं कानडी शिकले. आधी म्हातारीनं "बंद्या, तम्मा?" विचारलं की हेही "बंद्या, बंद्या," म्हणायचे. म्हणजे आलास, आलास. मग बसवराजनं शिकवलं की आलो म्हणायचं तर 'बंदे' म्हणावं. पंचमी कधी, हा प्रश्न दरवेळी असायचाच. आणि श्रावण लागला तसे आनंदराव बेचैन झाले.

"न्यायचं म्हंजे न्यायचं," ते म्हणाले.

"कुठं नेणार? माहेरी कोणी नाही. आणि एवढा प्रवास तिला झेपणार नाही म्हणतोय बसवराज."

"ते बगतो मी."

नागपंचमीच्या दिवशी मीही स्कूटर घेऊन गेलो. आनंदरावांनी मुरगुडातलीच एक जीप ठरवली होती आणि त्यांच्या डोक्याला पटका होता. तो त्यांना अजिबात शोभत नव्हता. बसवराजनं आईला इरकली लुगडं नेसवलं होतं. दारात उभं राहून आनंदराव म्हणाले, "अक्का, चल. न्यायला आलोय."

म्हातारी उठली. बसवराजला म्हणाली, "घरावर ध्यान ठेव," आणि जीपमध्ये बसली.

जीप बाजारातून निघाली, तळ्याला वळसा घालून थोडी उसाच्या रानातून हिंडली, आणि मागच्या गल्लीनं येऊन बसवराजच्याच घराच्या परड्याच्या दाराशी थांबली. परड्यात लिंबाचं झाड होतं. त्याला आनंदरावांनी आदल्या दिवशीच येऊन झोका बांधला होता. म्हातारी खाली उतरली. बराच वेळ ती झाडाकडं बघत उभी राहिली.  ओळखलं तर सगळंच फसलं असतं.

"झाड केवढं वाढलं!" ती म्हणाली.

मग ती झोक्यावर बसली. आनंदराव पटका सांभाळत हळूहळू झोका देत होते. तिनं लाह्या खाल्ल्या, कुठल्या कुठल्या मैत्रिणींची नावं घेतली, एक कानडी गाणं अर्ध्यापर्यंत म्हटलं. बसवराज परड्याच्या भिंतीआड उभा राहून डोळे पुसत होता.

दुपार कलल्यावर म्हातारीच म्हणाली, "तम्मा, आता मला सासरी सोड. लेकरू एकलंच हाय घरात."

तिला परत जीपमध्ये बसवलं, तळ्याला दुसरा वळसा घातला आणि पुढच्या दारानं आणून सोडलं. बसवराज धावत पुढं गेला होता. दारात तोंड धुऊन उभा होता. "आलीस, अव्वा? म्हायार कसं हाय?"

"झाक हाय," ती म्हणाली.

आम्ही निघालो तेव्हा तिनं बसवराजला फळीवरचा एक स्टीलचा डबा काढायला लावला. त्यात पंचमीचे लाडू होते. तो डबा तिनं आनंदरावांच्या हातात दिला, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

परतताना स्कूटरवर कोल्हापूरपर्यंत पाऊस होता. आनंदरावांनी डबा आपल्या आणि माझ्या पाठीच्या मधे धरला होता आणि त्याची कड सबंध रस्ताभर मला रुतत होती. कागलला आम्ही चहाला थांबलो. सकाळपासून माझ्या पोटात लाह्यांखेरीज काही गेलं नव्हतं.

"काढा की एक लाडू," मी म्हणालो.

आनंदरावांनी डबा पोटाशी धरला. "न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "तुमास्नी भजी सांगतो. ह्ये माझ्या बहिणीनं दिल्यात."